नकललेल्या चुका

एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्राने मध्यंतरी मला अकरावीच्या प्रयोगवह्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘जर्नल्स’, पाहायला दिल्या. प्रयोग नेहमीचाच होता : साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढणे. एका वहीत लंबकाची लांबी ६० सेंटिमीटर असताना २० आंदोलनांना लागलेला वेळ १३.१ सेकंद लिहिला होता. शेजारच्या रकान्यात आवर्तकाल होता १.५५५ सेकंद. त्यावरून काढलेले गुरुत्व त्वरण सेकंदवर्गाला ९.८० मीटर. रकाने आखलेले, आकृती नेटकी, उत्तर पुस्तकातल्यासारखे.

आता १३.१ ला २० ने भागून पाहा. उत्तर ०.६५५ येते. आवर्तकाल १.५५५ यायला वेळ ३१.१ सेकंद हवा. म्हणजे उतरवताना कुणाच्या तरी हातून ३ आणि १ हे आकडे उलटसुलट झाले. अशी चूक कुणाकडूनही होते आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. पण १३.१ आणि १.५५५ ही जोडी एकूण चौदा वह्यांत होती. चौदापैकी एकानेही तो भागाकार केलेला नव्हता. केला असता तर गुरुत्व त्वरण सुमारे ५५ आले असते, म्हणजे गुरू ग्रहावरच्या त्वरणाच्याही दुपटीहून अधिक!

मित्राने त्यांतल्या एका मुलाला बोलावून विचारले. तो म्हणाला, “सर, कॉपी नाही केली. जर्नल कम्प्लीट केलं.”

मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी ती दोन वेगळी कामे होती. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणे ही कॉपी. वही पूर्ण करणे हे कर्तव्य. मीही विद्यार्थी असताना अशी जर्नल्स ‘कम्प्लीट’ केलेली आहेत. विद्यापीठातील वाङ्मयचौर्याविषयी आपण जे वाचतो-ऐकतो, त्याची सुरुवात बहुधा इथे, या शब्दापाशी होते. म्हणून हा विषय महाविद्यालयीन प्राध्यापकांइतकाच शाळेतल्या शिक्षकांचाही आहे.

चूक का बोलते?

त्या चौदा वह्यांत ३१.१ हा बरोबर आकडा असता, तर आपल्याला काहीच कळले नसते. बरोबर उत्तर सर्वांचे जवळपास सारखेच येणार, कारण पृथ्वी सर्वांसाठी एकच आहे. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोघांनी स्वतंत्रपणे काम केले, तर दोघेही चुकू शकतील. पण दोघेही नेमके त्याच ठिकाणी आणि त्याच प्रकारे चुकण्याची शक्यता फार थोडी. म्हणून समान चूक ही समान उगमाची खूण ठरते.

हे तत्त्व विद्वानांनी फार पूर्वीपासून वापरले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले. विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक होते. देशभरातून, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेली साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखिते तेथे तपासली गेली. अशा कामात कोणती पोथी कोणत्या पोथीच्या घराण्यातली, हे ठरवताना समान पाठभेद, समान गाळसाळ आणि मागाहून घुसलेले समान श्लोक यांचा मोठा आधार असतो. लेखनिकाने एका ओळीवरून नजर घसरून पुढची ओळ गाळली, की त्या पोथीवरून उतरवलेल्या सर्व पोथ्यांत ती ओळ सहसा गाळलेलीच राहते.

लेखनिकाने नक्कल केली याबद्दल त्याला कुणी चोर म्हणत नाही. नक्कल करणे हेच त्याचे काम होते आणि तो ती उघडपणे करत होता. आपल्या चौदा मुलांची गोष्ट वेगळी. त्यांची वही सांगते की ‘हे मी मोजले’. फरक एवढाच आहे. पण विज्ञानाच्या दृष्टीने तोच सर्वस्व आहे.

संशोधकही जर्नल ‘कम्प्लीट’ करतात

हा दोष विद्यार्थ्यांपुरता आहे असे कुणी समजू नये. शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते. तिचा अर्थ असा की, लेखकाने हे लेखन पाहिले आहे व आपले म्हणणे त्यावर आधारले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील मिखाइल सिमकिन व वाणी रॉयचौधरी यांनी हे तपासायची एक सोपी युक्ती काढली. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. एका गाजलेल्या शोधनिबंधाचा सुमारे ४,३०० ठिकाणी संदर्भ दिला गेला होता. त्यांपैकी १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ किंवा वर्ष चुकलेले होते. प्रत्येकाने मूळ निबंध समोर ठेवून संदर्भ लिहिला असता आणि लिहिताना चूक केली असती, तर बहुतेक चुका निरनिराळ्या असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात वेगवेगळ्या चुका फक्त ४५ निघाल्या. पृष्ठक्रमांकातली एकच चूक तब्बल ७८ ठिकाणी होती! म्हणजे बहुतेकांनी संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून उचलला होता. या गणितावरून त्यांनी अंदाज केला की, संदर्भ देणाऱ्यांपैकी पाचातला एखादाच मूळ निबंध वाचत असावा. हा अंदाजच आहे, कारण निबंध वाचूनही आळसाने सूची दुसरीकडून उतरवणारे असू शकतात. पण ७८ वेळा आलेली ती एक चूक काही नाकारता येत नाही.

अशा सवयीचा परिणाम काय होतो? पालकाची गोष्ट आपण कदाचित ऐकली असेल. जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या हातून दशांशचिन्ह चुकले, पालकातील लोह दहापट दिसले आणि म्हणून पालक लोहासाठी प्रसिद्ध झाला, अशी ती गोष्ट. ब्रिटिश डॉक्टरांच्या एका प्रतिष्ठित साप्ताहिकात १९८१ साली टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ती सांगितली, पण आधार दिला नाही. पुढे ती असंख्य पुस्तकांत व लेखांत उतरली. माइक सटन यांनी २०१० साली मागे मागे जाऊन शोध घेतला, तेव्हा त्या दशांशचिन्हाचा काहीच पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे इतरांची चूक दाखवणारी गोष्टच बिनआधाराची होती आणि तीस वर्षे ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. तपासणारा एकजण निघाला, तेव्हा साखळी थांबली.

वाङ्मयचौर्य म्हणजे नेमके काय?

दुसऱ्याचे शब्द, कल्पना, निरीक्षणे किंवा आकृती स्वतःच्या म्हणून पुढे करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. इंग्रजीतील ‘प्लेजिअरिझम’ या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ माणसे पळवणारा असा होतो. आपल्या कविता स्वतःच्या म्हणून म्हणणाऱ्याला रोमन कवी मार्शल याने पहिल्या शतकात हा शब्द लावला.

व्यवहारात या चौर्याचे चार-पाच प्रकार दिसतात. पहिला उघड : परिच्छेदच्या परिच्छेद उचलणे. दुसरा गोधडीचा : चार ठिकाणची वाक्ये घेऊन, थोडे शब्द बदलून, एकत्र शिवणे. तिसरा कल्पनेचा : शब्द सगळे आपले, पण युक्तिवाद किंवा मांडणी दुसऱ्याची. चौथा आकडे, आलेख व छायाचित्रे यांचा. पाचवा प्रकार मराठीत लिहिणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा, तो म्हणजे अनुवादाचा. इंग्रजी लेख मराठीत आणला, एकही शब्द मूळचा राहिला नाही, म्हणून तो लेख आपला होत नाही. अनुवादक म्हणून नाव द्यावे, मूळ लेखकाचे द्यावे. अनुवाद हे काही कमी प्रतीचे काम नव्हे.

आधी प्रसिद्ध केलेले स्वतःचेच लेखन नवे म्हणून पुन्हा देणे, हेही यातच मोजतात. तेथे चोरी कुणाची होत नसली, तरी वाचकाची फसवणूक होते. एकाच प्रयोगाचे दोन प्रयोग झाल्यासारखे त्याला वाटते.

मग सगळ्यालाच संदर्भ द्यायचा काय? नाही. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे सर्वमान्य ज्ञान आहे. ते कुणाचे म्हणून सांगावे लागत नाही. एखाद्या माहितीविषयी ‘हे कशावरून?’ असा प्रश्न जाणकार वाचकाच्या मनात येईल असे वाटले, की संदर्भ द्यावा. शंका असल्यास द्यावाच.

लोणारचे उदाहरण

‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असे आपण मुलांना सांगतो, पण कसे, ते क्वचितच दाखवतो. समजा, एका पुस्तकात असा मजकूर आहे :

‘लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले. अशा खडकातील आघातविवरे पृथ्वीवर फार थोडी असल्याने चंद्र व मंगळावरील विवरांच्या अभ्यासासाठी लोणारला विशेष महत्त्व आहे.’

एक विद्यार्थी लिहितो : ‘लोणारचे सरोवर बेसॉल्ट पाषाणात उल्केच्या आघाताने निर्माण झाले. या प्रकारच्या पाषाणातील विवरे जगात अत्यल्प असल्यामुळे चंद्र आणि मंगळावरील विवरांच्या संशोधनात लोणारला खास स्थान आहे.’ येथे खडकाचा पाषाण झाला आणि महत्त्वाचे स्थान झाले, एवढेच. वाक्यांचा सांगाडा तोच आहे. हे स्वतःचे शब्द नव्हेत. आणि लेखकाला विषय कळला की नाही, हेही यातून समजत नाही.

दुसरी विद्यार्थिनी पुस्तक मिटून ठेवते, थोडा विचार करते आणि लिहिते : ‘चंद्रावरची काळसर मैदाने बेसॉल्टची आहेत. तेथे जाऊन विवरे तपासणे अवघड. पण तशाच खडकावर झालेला आघात आपल्याला बुलढाणा जिल्ह्यात पाहता येतो. लोणारचे महत्त्व यासाठी आहे, असे अमुक लेखकाने अमुक पुस्तकात म्हटले आहे.’ यातले पहिले वाक्य मूळ मजकुरात नाही. लोणारचा चंद्राशी संबंध काय, असा प्रश्न तिला पडला, म्हणून तिने ते दुसरीकडे शोधले. त्याचा संदर्भ तिने वेगळा द्यावा. पुस्तक मिटणे ही या कामातली सर्वांत उपयोगी कृती आहे. मिटलेल्या पुस्तकातून जे आठवते, तेवढेच आपल्याला समजलेले असते.

आता संदर्भाने काय साधते, ते पाहा. लोणारचे वय काय? एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात सुमारे ५२,००० वर्षे असे सापडेल, दुसऱ्याच्या प्रकल्पात सुमारे ५,७०,०००. फरक दहापटीहून अधिक आहे! दोघांनीही आधार दिला नसेल, तर शिक्षकाने कोणाला बरोबर म्हणावे? आधार दिला असेल, तर मात्र गोष्ट उलगडते. पहिला आकडा १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, उष्णतेने खनिजातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या मापनावरून काढलेला आहे. दुसरा २०११ सालचा असून तो आघाताने वितळलेल्या खडकातील अर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलेला आहे. म्हणजे हा मुलांचा गोंधळ नसून दोन मापनपद्धतींचा प्रश्न आहे. त्यावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकेल. संदर्भ गाळला, की एवढी सगळी वाट बुजते आणि उरतात दोन एकमेकांशी भांडणारे आकडे.

संदर्भ म्हणजे नुसते आभारप्रदर्शन नव्हे. ती परतीची वाट आहे. पुढच्या माणसाला त्या वाटेने मागे जाऊन तपासता आले पाहिजे. आपल्याकडे ही जाणीव परकी नाही. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यामुळे ज्ञानेश्वरीचे स्वतंत्रपण कणभरही उणावलेले नाही.

टक्केवारीचा भ्रम

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियम केले. त्यांत साम्याच्या चार पातळ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करायचे. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. अध्यापकांसाठी लेखन मागे घेणे, वेतनवाढ रोखणे, नवे विद्यार्थी घेण्यास बंदी अशा शिक्षा आहेत. अवतरणे, संदर्भसूची, सर्वमान्य संज्ञा व समीकरणे मोजणीतून वगळली आहेत.

नियम हवेतच. पण त्यांतून एक विचित्र समजूत रुजली आहे. ‘माझे फक्त आठ टक्के आले’, असे विद्यार्थी समाधानाने सांगतात, जणू दहा टक्क्यांपर्यंतची चोरी माफ आहे. संगणकाची आज्ञावली चौर्य शोधत नाही; ती शब्दांच्या सारख्या साखळ्या शोधते. प्रयोगाची पद्धत सांगणारी ठरावीक वाक्ये जुळल्याने एखाद्या प्रामाणिक प्रबंधात साम्य वीस टक्के दिसू शकते. उलट पाच टक्क्यांत नेमका निष्कर्ष चोरलेला असू शकतो. अनुवादित मजकूर तिला कित्येकदा दिसतच नाही. आपल्या लंबकाच्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या असत्या, तर आकड्यांचे साम्य तिने दाखवले असते, पण १३.१ ला २० ने भागण्याचे तिला सुचले नसते. ते काम वाचणाऱ्या माणसाचेच आहे.

अशा वाचकांनीच जर्मनीत मोठी प्रकरणे उघडकीला आणली. २०११ साली संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातील उचललेले उतारे अनेक अनोळखी वाचकांनी मिळून शोधले. विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि त्यांनी मंत्रिपद सोडले. २०१३ साली शिक्षण व संशोधन खात्याच्या मंत्री आनेटे शावान यांच्यावरही तीच वेळ आली.

यंत्राने लिहिलेले

२०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी, हवा तो निबंध लिहून देणारी संगणकीय यंत्रणा सर्वांच्या हाती आली. तिने लिहिलेले वाक्य कुठल्याही पुस्तकातल्या वाक्याशी जुळेलच असे नाही. टक्केवारी शून्यही येईल. मग चौर्य झाले की नाही? वहीवर नाव घालणाऱ्याने ते काम केलेले नाही आणि तसे त्याने सांगितलेही नाही, एवढे पुरेसे आहे. शिवाय ही यंत्रणा कधी कधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ आत्मविश्वासाने देते : लेखक, वर्ष, पृष्ठ सगळे ठाकठीक, फक्त तसे लेखनच नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी असे काल्पनिक निवाडे न्यायालयात सादर केले व त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. परतीची वाट भिंतीवर रंगवलेली असावी, तसा हा प्रकार. यावरचा उपायही जुनाच आहे : जे स्वतः उघडून पाहिले नाही, त्याचा संदर्भ देऊ नये.

वर्गात काय करता येईल?

मुले नक्कल का करतात, याचे उत्तर शोधताना थोडे आपल्याकडेही पाहावे लागेल. लंबकाच्या प्रयोगात ज्याचे उत्तर ९.८० येते त्याला पूर्ण गुण आणि ज्याचे प्रामाणिकपणे ९.४ येते त्याला लाल शेरा, असे असेल, तर शहाणा मुलगा काय करील? मार्गदर्शिकेतील उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्याला आपण ‘मुद्देसूद’ म्हणतो. तोच विद्यार्थी पुढे प्रबंधात तेच करतो, तेव्हा मात्र आपल्याला धक्का बसतो.

काही गोष्टी कुठल्याही शाळेत, खर्चाशिवाय करता येतात. निरीक्षणे प्रयोग चालू असतानाच पेनाने लिहावीत, चुकल्यास खोडरबर न वापरता एक आडवी रेघ मारावी आणि शिक्षकाने त्याच दिवशी सही करावी. उत्तराच्या अचूकपणाला गुण देण्याऐवजी ‘उत्तर ९.४ का आले असावे?’ या चर्चेला गुण द्यावेत. प्रकल्पात माहिती कोठून घेतली, हे आठवीपासूनच लिहायला सांगावे : लेखक, पुस्तक, वर्ष, पान, कुणाकडून ऐकले असल्यास त्या व्यक्तीचे नाव. टिपणे काढताना पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे घेतले, तर तेथेच अवतरणचिन्हे घालण्याची सवय लावावी. पुष्कळसे चौर्य केवळ यामुळे होते की, सहा महिन्यांनी वहीतले वाक्य आपले की पुस्तकातले, हेच आठवत नाही. आणि आपण स्वतः फळ्यावर एखादे टिपण देतो, तेव्हा त्याखाली ते कोठून घेतले तेही लिहावे. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

माझ्या मित्राने त्या चौदा जणांना शिक्षा केली नाही. त्याने फळ्यावर १३.१ आणि १.५५५ हे दोन आकडे लिहिले आणि वर्गाला भागाकार करायला सांगितला. थोडा वेळ शांतता होती, मग हसू फुटले. पुढच्या तासाला त्यांनी लंबक पुन्हा टांगले. उत्तरे ९.३ पासून १०.१ पर्यंत आली. पहिल्यांदाच ती एकमेकांपेक्षा वेगळी होती.

यांतली काही मुले पुढे अभियंते होतील. पुलासाठी ओतलेल्या काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात आणि किती भाराला फुटले, ते तक्त्यात भरतात. काही मुले रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतील. तिथेही तक्ता असतो, रकाने असतात आणि साधारण कोणता आकडा ‘बरा दिसतो’, हे सर्वांना ठाऊक असते. तो तक्ता केवळ ‘कम्प्लीट’ करायचा की मोजून भरायचा, हे ठरवायची सवय मात्र त्यांना अकरावीच्या जर्नलमध्येच लागलेली असेल.